उसन्या कानांनी ऐकलेली जर्मन

मोबाइलच्या पडद्यावर दिवसभर जे विनोद फिरत असतात त्यांपैकी एका जातीच्या विनोदाची गेली काही वर्षे विशेष चलती आहे. जर्मन भाषेतला एखादा शब्द घ्यावयाचा, तो रोमन लिपीत जसा दिसतो तसा इंग्रजी समजून वाचावयाचा, आणि त्यातून जो अनर्थ उद्भवेल त्यावर मनसोक्त हसावयाचे, अशी त्याची साधी रीत. जर्मनीच्या महामार्गांवर बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेपाशी ‘आउसफार्ट’ असा फलक असतो. त्या शब्दाचा उत्तरार्ध इंग्रजीतील अधोवायूच्या ग्राम्य शब्दासारखा भासतो, म्हणून इंग्रजीभाषक पर्यटक त्या फलकाचे छायाचित्र आवर्जून घेतात आणि ते जगभर जाते. ‘गिफ्ट’ म्हणजे विष, ‘हेल’ म्हणजे उजळ, ‘बाल्ड’ म्हणजे लवकरच, ‘राट’ म्हणजे सल्ला, ‘मिस्ट’ म्हणजे शेणखत, अशा जोड्यांच्या चित्रमालिका तयार होतात. ‘डी’ हे स्त्रीलिंगी नामापूर्वी येणारे जर्मन उपपद लेखी रूपात इंग्रजीतील ‘मर’ या आज्ञेशी अक्षरशः जुळते. त्यावर ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन चित्रमालिकेने 1993 मध्ये एक प्रसंगच रचला. तेथे खलनायकाच्या छातीवर बार्ट या मुलाला मारण्याची धमकी गोंदलेली असते, ‘हे जर्मन आहे’ असा खुलासा तो सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे करतो, आणि मंडळ तो खुलासा ग्राह्य धरते.

अशा विनोदावर हसू येते, आणि ते येण्यात काही गैर नाही. कानाची अपेक्षा एक आणि अर्थ भलताच, हा विसंवाद हास्याचे फार प्राचीन व निर्मळ उगमस्थान आहे. मीही अशा जोड्यांवर मनापासून हसलो आहे. माझे म्हणणे निराळे आहे. इंग्रजीभाषक मनुष्य या शब्दांना हसतो तेव्हा तो आपल्या मातृभाषेच्या कानाने ते ऐकत असतो, आणि त्या कानाला जे विचित्र लागेल ते विचित्र म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. मराठी वाचक तेच चित्र पुढे पाठवितो तेव्हा मात्र त्याच्या घरची भाषा त्या व्यवहारात कोठेच नसते. शाळेत शिकलेल्या एका परभाषेला प्रमाण मानून, न शिकलेल्या दुसऱ्या परभाषेला तो विक्षिप्त ठरवितो, आणि हा निवाडा आपण स्वतः केला आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. जर्मन भाषेविषयी आज महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या मनात जे चित्र आहे ते बहुतांशी असे उसन्या कानांनी ऐकून तयार झालेले आहे, आणि त्यामुळे एका समृद्ध भाषेकडे जाण्याची आपली स्वतःची, कितीतरी जवळची वाट आपण सोडून दिली आहे, असे मला वाटते.

ज्या साम्यावर हा विनोद उभा आहे ते पुष्कळदा योगायोगाचे असले, तरी या दोन भाषांचे नाते योगायोगाचे नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजी आणि जर्मन या एकाच पश्चिम जर्मानिक शाखेच्या भगिनी होत. सहाव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडील जर्मन बोलींत व्यंजनांचे मोठे स्थित्यंतर घडून आले आणि जेथे पूर्वी ‘ट’ होता तेथे ‘त्स’ किंवा ‘स’, जेथे ‘प’ होता तेथे ‘प्फ’ किंवा ‘फ’ बोलला जाऊ लागला. म्हणून इंग्रजीतील ‘टेन’ तिकडे ‘त्सेन’ झाला, ‘वॉटर’चे ‘वासर’ झाले, ‘ॲपल’चे ‘आप्फेल’ झाले आणि ‘शिप’चे ‘शिफ’ झाले. परीकथांचे संग्राहक म्हणून जगाला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने 1822 मध्ये या स्थित्यंतरांचे नियम मांडले, आणि भाषेतील बदल लहरीने होत नसून कायद्याने बांधल्यासारखे होतात हे विद्वानांच्या ध्यानी आले. मराठी माणसाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. एकाच संस्कृत क्षेत्रापासून हिंदीत ‘खेत’ आणि मराठीत ‘शेत’ निपजले, एकाच मक्षिकेपासून तिकडे ‘मक्खी’ आणि इकडे ‘माशी’ झाली. हे ‘ख’ आणि ‘श’ यांचे नाते ‘टेन’ आणि ‘त्सेन’ यांच्या नात्यासारखेच नियमबद्ध आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1877 साली मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचा असा ऊहापोह केला, आणि 1885 मध्ये ग्यॉटिंगेनच्या जर्मन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे फ्रांत्स कीलहॉर्न पुढे त्याच ग्यॉटिंगेनला प्राध्यापक होऊन गेले. म्हणजे पुणे आणि जर्मनी यांच्यातील विद्येचा व्यवहार सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी संस्कृतच्या आधाराने थेट चाललेला होता.

‘गिफ्ट’ या एका शब्दाचाच दाखला घ्यावा. प्राचीन जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगी असाच होता. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’, म्हणजे दिलेली वस्तू, असे म्हणत. ती संज्ञा लॅटिनमधून युरोपभर पसरली आणि तिच्या छायेने जर्मन ‘गिफ्ट’लाही दिलेली मात्रा असा अर्थ चिकटला. विषाचे नाव सरळ घेऊ नये या भावनेने लोक त्यालाही ‘दिलेले’ एवढेच म्हणू लागले, आणि कालांतराने आडपडदा म्हणून वापरलेला शब्दच विषाचे उघड नाव होऊन बसला. घरात साप निघाला तर ‘जनावर’ निघाले म्हणणाऱ्या, फुटलेली बांगडी ‘वाढवली’ म्हणणाऱ्या आणि दिवा ‘शांत’ करणाऱ्या मराठी माणसाला ही मनोवृत्ती समजावून सांगावी लागू नये. मूळचा अर्थ जर्मनमध्ये पूर्णपणे लोपलाही नाही. वधूबरोबर दिल्या जाणाऱ्या धनाला तेथे ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, आणि जुन्या इंग्रजीत ‘गिफ्ट’ या शब्दाचा अर्थ वधूमूल्य असाच होता. दोन भगिनींनी एकाच पेटीतला दागिना वाटून घ्यावा आणि पुढे आपापल्या सासरच्या रीतीने तो निरनिराळ्या प्रकारे घडवून घ्यावा, तसे हे झाले आहे. ‘बाल्ड’ हा धीट या अर्थाच्या इंग्रजी ‘बोल्ड’चा भाऊ आहे, धिटाईतून तत्परता आणि तत्परतेतून ‘लवकरच’ अशी त्याची वाटचाल. ‘आउसफार्ट’मधील ‘फार्ट’ म्हणजे प्रवास, आणि निरोप घेताना इंग्रज ‘फेअरवेल’ म्हणतो त्यात तोच धातू आहे. इंग्रजीत मूर्खाला लावले जाणारे ‘सिली’ हे विशेषण जर्मनमध्ये ‘झेलिष’ या रूपाने आजही धन्य, पुण्यवान या मूळ अर्थाने नांदते. चित्रमालिकेतला विनोद यांपैकी काहीच सांगत नाही. ज्या ठिकाणी खरी मौज सुरू होते त्याच ठिकाणी तो थांबतो.

असे फसवे शब्द आपल्या अंगणातही पुष्कळ आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ घेतात आणि मराठीत ती भोगतात. गुजरातीत ‘नवरा’ म्हणजे रिकामा असलेला मनुष्य. यांतील ‘राजीनामा’ मला फार उद्बोधक वाटतो. फारसीत त्याचा अर्थ संमतीचा लेख. हिंदीत वादी-प्रतिवादींनी आपसांत केलेल्या तडजोडीला राजीनामा म्हणतात. मराठीत मात्र नोकरी सोडल्याच्या पत्राला. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात रयत जेव्हा आपल्या नावचे जमिनीचे खाते खुशीने सोडून देई तेव्हा ती राजीनामा लिहून देई, आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. त्या वहिवाटीत जमीन सोडण्याचा लेख म्हणून जो शब्द रुळला तोच पुढे अधिकारपद सोडण्याच्या लेखाला लागू झाला. म्हणजे या एका शब्दात मराठी मुलखाच्या महसुली व्यवस्थेचा इतिहास साठलेला आहे. उत्तर प्रदेशातील एखादा गृहस्थ ‘मुख्यमंत्र्यांचा राजीनामा’ वाचून हसला तर आपण त्याच्यावर रागावणार नाही, पण त्याला चार शब्द समजावून सांगावेत असे आपल्याला निश्चित वाटेल. जर्मन भाषेच्या वाट्याला तेवढाही खुलासा येत नाही.

या विनोदाचा दुसरा एक प्रकार मात्र मला खरोखर क्लेश देतो. फुलपाखराला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात ते क्रमाने ऐकवितात. फ्रेंच बाई ‘पापियाँ’ म्हणते, इटालियन ‘फारफाल्ला’ म्हणतो, स्पॅनिश ‘मारिपोसा’, सर्वजण मंद स्मित करीत, आर्जवी सुरात. आणि शेवटी जर्मन माणूस मुठी आवळून, डोळे वटारून ‘श्मेटरलिंग’ अशी गर्जना करतो. रुग्णवाहिका, विज्ञान, बॉलपेन, सगळ्याच शब्दांवर हाच प्रयोग होतो. ही गर्जना कोठून आली? 1940 मध्ये चार्ली चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ या चित्रपटात हिटलरच्या भाषणाची नक्कल करताना अर्थहीन जर्मनसदृश आरोळ्या ठोकल्या, आणि त्या काळी ते एका जुलमी सत्तेविरुद्ध उचललेले धाडसी शस्त्र होते. त्या कृतीचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु पुढे कित्येक दशके युद्धपटांतून जर्मन ऐकू आली ती बव्हंशी हुकमांच्या आणि धमक्यांच्या स्वरूपात, आणि जुलमी माणसाचा आवाज हाच भाषेचा आवाज ठरून गेला. आता प्रत्यक्ष शब्दाकडे पाहावे. ‘श्मेटरलिंग’मधील ‘श्मेटन’ म्हणजे दुधावरची साय. स्लाव भाषांतील ‘स्मेताना’ या शब्दापासून तो आलेला आहे. चेटकिणी फुलपाखराचे रूप घेऊन गवळवाड्यातील दूध-साय चोरतात अशी मध्य युरोपात समजूत होती, तीवरून त्या जीवाला सायीशी नाते सांगणारे हे नाव पडले. इंग्रजीतील ‘बटरफ्लाय’मध्ये लोणी आहे आणि त्यामागेही अशीच समजूत असावी असे मानतात. सायीच्या मोहाने गोठ्यात शिरणाऱ्या पाखराचे हे इवलेसे, घरगुती नाव ज्यांनी गर्जनेत बदलले त्यांनी ते एकदा जर्मन आजीच्या तोंडून नातवंडाला गोष्ट सांगताना ऐकावे.

विनोद पुष्कळ काळ फिरला म्हणजे तो साक्षीपुरावा म्हणून गणला जाऊ लागतो, हाही धोका आहे. 26 जून 1963 रोजी अध्यक्ष केनेडी यांनी पश्चिम बर्लिनमध्ये, भिंत उभी राहून दोन वर्षे होत आली असताना, आपण बर्लिनकर आहोत असे जर्मन भाषेत सांगितले. त्या वाक्यात त्यांनी ‘आइन’ हे उपपद वापरल्यामुळे त्याचा अर्थ ‘मी मुरंबा भरलेला गोड वडा आहे’ असा झाला आणि श्रोते हसले, ही गोष्ट इंग्रजी जगात इतक्या वेळा सांगितली गेली की ती आपल्याकडच्या पुस्तकांतून व भाषणांतूनही सत्य म्हणून येते. वस्तुस्थिती अशी की, उपपद गाळले असते तर वाक्य केवळ जन्मगावाविषयी झाले असते. मी तुमच्यांपैकीच एक आहे असा लाक्षणिक अर्थ व्यक्त करण्यास उपपद हवेच होते. त्यातही बर्लिन शहरात त्या वड्याला ‘बर्लिनर’ म्हणतच नाहीत, ‘फानकूखन’ म्हणतात. वेढलेल्या शहरातील लोकांनी त्या वाक्याला जो प्रचंड प्रतिसाद दिला तो हसण्याचा नव्हता. याच्या उलट दिशेने झालेला अन्यायही नोंदविला पाहिजे. 1965 च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ पश्चिम जर्मनीच्या भेटीवर आल्या असता राष्ट्राध्यक्ष हाइनरिश ल्यूबके यांनी ‘आता लवकरच सुरू होईल’ या जर्मन वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून हास्यास्पद इंग्रजी केले, अशी कथा जर्मनीत चार दशके सांगितली जात होती. ती एका मोठ्या साप्ताहिकाच्या वार्ताहरांनीच रचली होती, असे त्यांच्यातल्याच एकाने 2006 मध्ये उघड केले. ल्यूबके यांच्यावर नाझी काळातील त्यांच्या कामाविषयी गंभीर आरोप होते, आणि त्यांची कैफियत कसून घेतली जाणे योग्यच होते; पण लोकांच्या स्मरणात राहिले ते त्यांनी न उच्चारलेले इंग्रजी. ज्याची चौकशी व्हावयाची तो विषय हशात बुडाला.

आणि कधी कधी या हशाचा भुर्दंड प्रत्यक्ष माणसांना भरावा लागतो. उत्तर ऑस्ट्रियात शंभराच्या आसपास वस्तीचे एक खेडे आहे. त्याचे शतकानुशतके चालत आलेले नाव लेखी रूपात इंग्रजीतील एका अत्यंत अश्लील शब्दाशी जुळत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक त्या भागात आले तेव्हापासून गावाच्या वेशीवरील पाटी हा थट्टेचा विषय झाला. इंटरनेटच्या काळात तर तेथे पर्यटकांची रीघ लागली, पाट्या वारंवार चोरीस जाऊ लागल्या, त्या काँक्रीटमध्ये घट्ट बसविण्याची तजवीज करावी लागली, आणि पाटीपाशी निर्लज्ज प्रकार करून छायाचित्रे काढणाऱ्यांचा उपद्रव गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसला. अखेर नगरपरिषदेने ठराव केला आणि 1 जानेवारी 2021 पासून ते गाव ‘फुगिंग’ झाले. गावाचे नाव कोणी जेत्याने बदलले नाही की कोणा सरकारने हुकूम काढला नाही. त्या भाषेशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांच्या हसण्यापुढे गावाने हार खाल्ली. ऱ्हाइनकाठच्या वोर्म्स नगराला इतका त्रास झाला नाही, तरी 1521 साली मार्टिन ल्यूथर सम्राटासमोर उभा राहून आपला शब्द मागे घेण्यास नकार देतो ती धर्मेतिहासातील गंभीर सभा इंग्रजी नावामुळे शाळकरी मुलांना ‘किड्यांचा आहार’ म्हणून आठवते. आपल्या इंग्रजी शाळांतली मुलेही तसेच हसतात. ती वोर्म्सचे नाव लक्षात ठेवतात आणि ल्यूथरला विसरतात.

मग या क्षेत्रात चांगला विनोद नाहीच की काय? आहे, आणि तो दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी केलेला आहे. 1950 च्या दशकात संगणकाची यंत्रे खोली भरून असत तेव्हा, त्यांना हात लावू नये अशी ताकीद देणारी एक पाटी इंग्रजीभाषक तंत्रज्ञांनी नकली जर्मनमध्ये लिहिली. इंग्रजी शब्दांनाच जर्मन प्रत्यय लावलेले, आणि यंत्रावरील लुकलुकत्या दिव्यांना ‘ब्लिंकनलाइट्स’ असे नाव दिलेले. ती पाटी एका प्रयोगशाळेतून दुसरीत जात जात जगभर गेली. पुढे 2001 मध्ये बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्स चौकातील शिक्षक-भवनावर जर्मन संगणकप्रेमींच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने जो प्रयोग केला त्याला त्यांनी हेच नाव दिले. इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवरील 144 खिडक्यांमागे एकेक दिवा ठेवला, प्रत्येक दिवा संगणकाच्या स्वाधीन केला, आणि संपूर्ण दर्शनी भिंत एक अजस्र पडदा बनली. रस्त्यावर उभा असलेला कोणीही नागरिक आपल्या मोबाइलवरून तीवर चेंडूफळीचा खेळ खेळू शकत असे. परक्यांनी केलेली आपल्या भाषेची नक्कल त्यांनी रागावून नाकारली नाही. तिला सत्यात उतरवून शहराला एक आनंदाची वस्तू दिली. आजचे जर्मन तरुणही असेच उत्तर देतात. इंटरनेटवरील इंग्रजी संज्ञांचे ते मुद्दाम शब्दशः जर्मन करतात. ‘मीम’ला ते ‘माइमाइ’ म्हणतात, पसंतीच्या मतासाठी त्यांनी ‘होखवेली’ असा लडिवाळ शब्द घडविला आहे. ज्याला दोन्ही भाषा येत नाहीत त्याला त्यातले काही हाती लागत नाही, आणि ज्याला येतात त्याला त्यांच्या घडणीचा नवा बोध होतो. मला हा विनोद पहिल्या प्रकारापेक्षा निःसंशय श्रेष्ठ वाटतो, कारण तो करण्यासाठी आधी शिकावे लागते.

आता आपल्या स्वतःच्या वाटेविषयी. मार्क ट्वेनने 1880 मध्ये जर्मन भाषेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यात त्याची मोठी फिर्याद अशी की, या भाषेत तरुण मुलीला लिंग नाही आणि सलगमाला आहे. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंगच उरलेले नसल्यामुळे त्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. मराठीत तीन लिंगे आहेत, आणि लेकरू, वासरू, कोकरू, पाडस, पिल्लू ही सारी कोवळी मंडळी आपण नपुंसकलिंगीच ठेवली आहेत. जर्मन ‘मेडशेन’ नपुंसक का, तर लहानपणाचा ‘-शेन’ प्रत्यय लागला की नाम नपुंसक होते म्हणून; आणि ‘किंट’ नपुंसक आहे तसेच आपले ‘मूल’ही. हातमोज्याला जर्मन लोक ‘हांटशू’, म्हणजे हाताचा जोडा, म्हणतात यावर कितीतरी चित्रे निघाली. ती मराठीत पुढे पाठविताना आपण स्वतः त्याला हाताचा मोजा म्हणतो हे कोणाच्या ध्यानी येत नाही. फारसीत तर ‘मोजा’ म्हणजे मूळचा उंच जोडाच. लांबलचक सामासिक शब्दांचे नवल इंग्रजाने करावे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात 1999 साली झालेल्या आणि 2013 साली रद्द झालेल्या एका कायद्याचे नाव 63 अक्षरांचे होते, म्हणून ते जगभर गाजले. मराठीत तो गोमांस-नामपट्टी-निरीक्षण-कार्य-हस्तांतरण-कायदा होतो, आणि शालेय व्याकरणात समास सोडविलेला कोणताही विद्यार्थी त्याचा विग्रह करू शकेल. जर्मन ‘त्साइट’मधला पहिला वर्ण उच्चारताना इंग्रजीभाषकाची जीभ अडखळते, आपण तो ‘चमचा’ आणि ‘चोच’ म्हणताना सहज उच्चारतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद, गौण वाक्यात शेवटी येणारे क्रियापद, या गोष्टी इंग्रजाला कष्टाने शिकाव्या लागतात, त्या आपल्या घरच्या आहेत. काही स्वर आपल्याकडे नाहीत आणि ते कष्टानेच साधावे लागतील, हे खरे. पण एकंदर हिशेब मराठीच्या बाजूने पुष्कळ जमेचा आहे.

हा केवळ विद्याविनोदाचा प्रश्न राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, नळकारागीर अशा कामांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलेमुली जर्मन शिकू पाहत आहेत. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असून त्यांना इंग्रजीचाच धाक वाटतो. त्यांच्या पुढ्यात जर्मन जेव्हा इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून आणि इंग्रजीच्या थट्टेतून येते तेव्हा त्यांना दोन परक्या भाषांचे ओझे एकदम उचलावे लागते. जर्मन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागावर ‘नोटआउफनामे’ आणि संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारावर ‘नोटआउसगांग’ असे लिहिलेले असते. तेथील ‘नोट’ म्हणजे निकड, संकट. इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्याच अक्षरांत नकार दिसतो, आणि आगीच्या वेळी ज्या दाराकडे धावावयाचे तेच दार बंद असल्याचा भास होतो. ज्या मुलीला रात्रपाळीत त्या दालनातून रुग्ण बाहेर न्यावयाचे आहेत तिला तो शब्द थेट मराठी अर्थाने ठाऊक असला पाहिजे.

म्हणून पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आणि कोल्हापुरात जर्मन शिकविणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांनी वर्गात मराठीला संकोच न करता जागा द्यावी. लिंगविचार लेकरू-वासरापासून सुरू करावा, समास समासानेच समजवावा, उच्चार देवनागरीच्या आधाराने पक्के करून घ्यावेत, आणि फसव्या जोड्या सांगताना इंग्रजीतील विनोदाबरोबर त्या शब्दाची हकीकतही सांगावी. प्रकाशकांनी आणि शासनाच्या प्रशिक्षण केंद्रांनी मराठीतून जर्मन शिकविणारी, कामाच्या ठिकाणचे शब्द देणारी पुस्तके या मुलांच्या हाती स्वस्त दरात पोहोचवावीत. आणि वाचकांनी पुढच्या वेळी असे एखादे चित्र कोणाला पाठविले, तर त्याखाली त्या शब्दाचा खरा अर्थ एका ओळीत, मराठीत, लिहून पाठवावा.